सहा दारांमागचे गादीवाफे

पिंपरीच्या कॉलनीत आमच्या रांगेला सहा घरे होती, आणि सहाही घरांची स्वयंपाकघरे मागे एकाच लांबट मोकळ्या पट्ट्यात उघडत. नांदायला आले तेव्हा त्या पट्ट्यावर गवताची काडी नव्हती. नुसता तांबूस मुरूम. उन्हाळ्यात तो इतका तापे की दार उघडताच डोळ्यांत चुरचुर होई, आणि पावसाळ्यात त्याच्यावर भांड्यांच्या पाण्याचे नि पावसाचे एकत्र तळे साचून त्याला शिळ्या ताकासारखा आंबट वास येई. मी पुण्यातल्या पेठेत, दगडी चौकाच्या घरात वाढलेली. माती म्हणजे कुंडीतली, एवढीच माझी ओळख. तरी त्या उघड्या मुरमाकडे पाहून मला कोरे पान समोर आल्यासारखे वाटले होते. कॉलेजात वृत्ते घोकण्यात आणि कविता लिहिण्यात माझी वर्षे गेली होती. कोऱ्या जागेचे मला भय वाटत नसे.

सत्तरच्या दशकाचा तो मध्य होता. माझे यजमान कंपनीच्या भट्टीखात्यात होते. परदेशातून यंत्रे येत ती लाकडाच्या भल्यामोठ्या खोक्यांत. त्या खोक्यांच्या फळ्या कामगारांना घरी नेता येत. कॉलनीतली निम्मी मांडण्या-कपाटे त्याच लाकडाची होती. आम्ही त्या फळ्यांचे चार चौकटी वाफे केले, गुडघाभर उंचीचे. खाली मुरूम दगडासारखा असल्यामुळे वर उचललेल्या गादीवाफ्यांशिवाय दुसरा मार्ग नव्हता. फळ्यांना राळेचा गोडसर वास होता आणि त्यांच्यावर कुठल्याशा लिपीतली काळी अक्षरे अजून शाबूत होती.

आणि त्या चौकटी आम्ही भट्टीच्या काळ्या वाळूने भरल्या.

ही चूक आमच्या कारखान्यांच्या भागात राहणारेच करू जाणोत. ओतकामात साचे मोडले की त्यांची जळकी वाळू कंपनीच्या कुंपणाबाहेर ढिगांनी पडे. कॉलनीत तिला फार मान होता. खड्डे तिने बुजत, ओटे तिने भरले जात, कुणाकुणाची तुळससुद्धा तिच्यातच उभी होती. ती होती तशीच: काळीभोर, मऊ, मुठीत घेतली तर थेट देशावरच्या काळ्या रानाची आठवण यावी. यजमानांनी ती सायकलवरून पोत्यापोत्याने आणली, मोठ्या प्रेमाने. मेथी पेरली, कोथिंबीर पेरली. बी उगवले, दोन पाने वर आली आणि तिथेच थांबली. अंगठ्याच्या पेराएवढ्या उंचीवर सारा वाफा जणू दम धरून उभा राहिला. मग पाने कडेने पिवळी पडत गेली.

पाणी घातले की त्या वाळूला मातीचा वास येत नसे. रिकामा तवा विस्तवावर विसरावा, तसा काहीसा वास येई. ऊन लागले की वरची साय पापडासारखी कडक होई. बोटाने टोचली तर मोडे, विरघळत नसे. ती काळी दिसत होती ती जळाल्यामुळे, हे मला रंगाने नाही, नाकाने कळले.

त्या अपयशाचे रांगेत फार बोलणे झाले नसते, पण त्याच उन्हाळ्यात कोब्याचा विषय निघाला. कॉलनीच्या ऑफिसाने सांगितले होते, ज्या रांगेतल्या सगळ्या घरांची संमती असेल, तिच्या मागच्या पट्ट्यावर दिवाळीनंतर सिमेंटचा कोबा घालून मिळेल. पाच घरे लगेच तयार झाली. चिखल जाईल, डास जातील, वाळवण घालायला जागा होईल. त्यांचे काही चुकत नव्हते. उरले आमचे घर, आणि आमच्या चार पिवळ्या चौकटी.

यात पुढाकार होता तो शेजारच्या वहिनींचा. त्यांचे माहेर निघोजे गावचे. बापाच्या रानात त्यांनी बालपणभर खुरपे चालवले होते. उंच, काटक बाई. हसल्या की आधी खांदे हलत. मला त्या ‘पुणेवाल्या वहिनी’ म्हणत, आणि त्या ‘पुणेवाल्या’त किती मीठ आहे ते त्या दिवशीच्या स्वरावरून ओळखावे लागे. कोब्याचे बोलणे निघाले त्या दिवशी ते जरा जास्तच होते.

“वहिनी, मातीतनं सुटावं म्हणून म्या कंपनीतला नवरा केला,” त्या म्हणाल्या. “आन् तुमी तिला हौसेनं दारात आणून ठिवताय.”

बाकीच्या बाया हसल्या. मीही हसले. नाही म्हणणे माझ्या हातात होते. पण एकटीने नाही म्हणून पाच घरांचा रोष दारात घेऊन वर्षानुवर्षे राहायचे, हे काही जगणे नव्हे. मी एक हंगाम मागितला. तेवढ्यात काही उभे राहिले नाही, तर मी स्वतः ऑफिसात जाऊन होकार देईन.

वहिनींनी डोळे बारीक केले. बाजारात हिशेबी गिऱ्हाईक भाजी न्याहाळते, तसे त्यांनी मला न्याहाळले.

“वसुबारसेला सहा घरांना गवार घालून दाखवा. मंडईतली न्हाई, ह्या खोक्यांतली. घातली तर कोब्याचं नाव काढणार न्हाई. न्हाई घातली, तर तुमच्याच हातानं ह्या फळ्या उपसायच्या.”

वसुबारसेला आमच्याकडे बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी लागते. गाय-वासराची पूजा झाली की बाया त्याच जेवणावर उपास सोडतात. ऐन दिवाळीच्या तोंडावर गवार मिळता मिळत नाही. वहिनींनी मागणी नेमकी हेरली होती. मी होकार दिला. यजमान कामावरून आले तेव्हा त्यांना सगळे सांगितले. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, बाहेर जाऊन चौकटींकडे पाहिले, आणि म्हणाले, “म्हणजे कंपनीत शिफ्ट आणि घरी ओव्हरटाइम.” मग बाही वर करून पहार शोधू लागले.

मोडण्यातही एक सुख असते, ते मला त्या वैशाखात समजले. काळी वाळू आम्ही घमेल्याने उपसली आणि सायकली उभ्या करायच्या खड्ड्यात टाकली. तिथे ती चांगली कामाला आली. फळ्या हलवताच खालच्या बाजूने भुसा सांडला. वाळवीने राळेचे लाकूड आतून पोखरून नुसते कवच ठेवले होते. वरची अक्षरे मात्र तशीच, ठसठशीत. लाकूड पुन्हा लावण्यात अर्थ नव्हता. कॉलनीच्या कडेला फुटक्या शहाबादी फरश्यांचा ढीग पडून होता. त्यातले लांबट तुकडे मी निवडले. मुरमात चर खणून ते उभे रोवले, सांध्यांना खापऱ्या ठोकल्या. ओल्या फडक्याने पुसल्यावर त्यांचा निळसर राखी रंग असा उजळला की चारही वाफे घाटाच्या पायऱ्यांसारखे दिसू लागले.

त्याआधी तळ फोडला. हे मला फळ्या काढल्यावरच दिसले: चौकटींच्या तळाशी मुरूम गुळगुळीत थापलेला होता, ताटासारखा. वर काहीही घातले असते तरी पाणी त्यात अडूनच बसले असते. यजमान पहार मारीत, मी ढेकळे उचलीत असे. पहारीचा आवाज आधी टणक, घंटेसारखा येई. मुरूम फुटला की तो एकदम खोल आणि बसका होई. त्या बदललेल्या आवाजासाठी मी कान लावून बसे. वृत्तात यती चुकली की सगळी ओळ घशात अडकते. जमिनीतही श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते, तिच्या तळाशीच.

मग माती. ती कुठे विकत मिळत नव्हती. ती जमवावी लागणार होती, ओळ जुळवावी तशी. स्टेशनाजवळच्या रसवंतीवर उसाच्या चिपाडांचा ढीग गोड कुजत पडलेला असे. रसवंतीवाल्याला त्याची अडचणच होती. ती चिपाडे तळाला गेली. पवनेच्या काठाला उन्हाने भेगाळलेला गाळ होता, पातळ पाटीसारखे त्याचे पापुद्रे सुटत. तो आम्ही पोत्यांत भरला. सायकलच्या कॅरिअरवर पोते, मागून मी हात लावून चाले. घरी आणून भिजवला तेव्हा तो साबणासारखा बुळबुळीत झाला आणि वाळल्यावर वीट. एकटा गाळ म्हणजे नुसते व्याकरण. त्याला मोकळे करणारे काही हवे होते. कॉलनीच्या रस्त्यावरच्या विलायती शिरीषांखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा साठला होता. वरची पाने कुरकुरीत, पण हात खाली घातला की थंड, चहाच्या चोथ्यासारखे काळपट मऊ काही लागे, आणि त्याला पावसाळ्यातल्या जुन्या वहीसारखा वास येई. तो पाचोळा मी पदर खोचून टोपलीत भरीत असे. येणारेजाणारे बघत. एका ओळखीच्या बाईंनी अगदी मायेने विचारले की, घरात सरपण संपले का?

शेणखत कासारवाडीच्या गोठ्यांतून आणले. पहिली खेप उघडली आणि पोत्याच्या तोंडातून असा तिखट दर्प आला की डोळ्यांना पाणी आले. ते ताजे होते. तसेच घातले असते तर मुळे भाजली असती. ते बाजूला ढीग करून, पाणी शिंपडून, वर गोणपाट टाकून ठेवले. चार-पाच दिवसांनी त्यात हात घातला तर तापाच्या माणसाच्या काखेसारखे गरम. वहिनी आपल्या दारातून नाकाला पदर लावून म्हणाल्या, “पुण्याच्या अत्तराला लई सुवास हाय.” मी म्हटले, अजून मुरायचे आहे. रोज सकाळी मी ढीग उलटा करी, पाणी शिंपडी, हात घालून बघे. ऊब हळूहळू ओसरत गेली. आणि एका सकाळी गोणपाट उचलले तर दर्प नव्हताच. तिथे होता एक शांत, ओलसर, गोडसर वास, तळघरासारखा. ढीग अर्धा झाला होता. शेण कुठे आणि गवत कुठे, हे आता कुणालाही सांगता आले नसते.

सगळे एकत्र केले ते आम्ही हातांनी. गाळ, पाचोळा, मुरलेले खत, पुन्हा गाळ. फावड्याने मिसळत नाही, नुसते एकावर एक पडते. बोटांना मात्र कळते कुठे गाठ राहिली आहे. कोपरापर्यंत हात बरबटले होते आणि नखांत काळी रेघ बसली होती, ती महिनाभर निघाली नाही. मग मी मूठ आवळून गोळा केला. तो मुठीत राहिला. अंगठ्याने हलकेच दाबला, आणि तो भुगा होऊन ओंजळीत सांडला. ओंजळ नाकाशी नेली. मला त्या वेळी जे वाटले, ते कुठल्याही छापून आलेल्या कवितेने मला दिलेले नव्हते.

तरी मी लगेच पेरले नाही. वाफ्यांवर ओले गोणपाट पसरून ज्येष्ठाचे उरलेले दिवस जाऊ दिले. आषाढात पाऊस कोसळू लागला तेव्हा मागच्या पट्ट्यावर पुन्हा तळे साचले, सहा दारांपुढे विटा टाकून चालावे लागले. पण वाफ्यांवर पाणी थांबत नव्हते. पडले की आत जाई. शहाबादीच्या सांध्यांतून तळाशी स्वच्छ, निवळ धार झिरपत राही. तो तळ फोडल्याचा गुण होता. मी छत्री घेऊन उभी राहून ती धार बघत असे.

त्याच दिवसांत एके दुपारी मी दार उघडले, तर वहिनी माझ्या वाफ्याशी उकिडव्या बसलेल्या. चिमटीत माती, डोळे मिटलेले. माझी चाहूल लागताच त्या उठल्या, हात पाठीमागे पुसला.

“मांजर हाकलत व्हते,” त्या म्हणाल्या.

कॉलनीत तेव्हा एकही मांजर नव्हते. त्या गेल्यावर पाहिले, तर त्यांनी बोटाने केलेल्या खळीत एक गांडूळ गुलाबी अंग आखडून आत जात होते. आम्ही ते आणलेले नव्हते. ते आपल्या पायांनी आले म्हणावे, तर त्याला पाय नाहीत. पण आले होते.

नागपंचमीला जमिनीला खुरपे लावायचे नसते, म्हणून तो दिवस जाऊ दिला आणि मग गवार टोचली. उगवण अशी झाली की दोन बियांमधली रिकामी जागा शोधावी लागे. गवार कमरेला लागली, मग छातीला. पाने तळहाताएवढी, खरखरीत, काळीशार. रांगेतली माणसे येता-जाता थांबू लागली. आणि नेमकी तेव्हाच मला भीती वाटू लागली, कारण त्या सगळ्या हिरवेपणात एक फूल नव्हते.

गणपती बसले, उठले; फूल नाही. वहिनी वाफ्याच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या, “पाला झ्याक आलाय. बारसेला गायीलाच घाला, ती तरी खुश व्हईल.” त्या हसल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आले, पण टोचायचे ते टोचून गेले.

मी वाफ्याशी बसून विचार केला. माती उपाशी नव्हती; उलट तिला जास्त झाले होते. आम्ही खत घालताना आधीच्या अपयशाचा सगळा राग त्यात घातला होता. तिला वाढायचे सुचत होते, थांबायचे सुचत नव्हते. मी पाणी तोडले. न्हाणीघराच्या बंबाची राख रोज सकाळी चाळून ठेवायला लागले. मऊ, राखाडी, बोटांना पिठासारखी. ती बुंध्याभोवती पसरली, थोडी हलवून दिली, आणि शेंडे खुडले. ते शेंडे म्हणजे माझ्या डोळ्यांपुढचे सगळे यश होते. यजमान म्हणाले, “तुझ्या नाकावर माझा विश्वास आहे.” एवढेच म्हणाले, आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले.

आठवड्याभराने एका पानाच्या बेचक्यात काहीतरी जांभळट दिसले. जवळ गेले. फूल होते, तीळभर. त्याच्या शेजारी दुसरे. मग खालच्या पेरात, मग शेजारच्या झाडाला, आणि बघता बघता बुंध्यापासून शेंड्यापर्यंत प्रत्येक बेचक्यात. मी सहाव्या घराच्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

शेंगा झुबक्यांनी लागल्या. कोवळ्या, चपट्या, मखमली लव असलेल्या. मी दिवाळी आठवड्यावर येईपर्यंतचा तोड आमच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पानात जाऊ दिला, आणि मग हात आवरून धरला. वसुबारसेच्या सकाळी दोन टोपल्या घेऊन बाहेर गेले. दव होते, शेंगा मोडताना प्रत्येकीचा बारीकसा टच्च आवाज येत होता आणि बोटांना हिरवा, किंचित कडसर वास चिकटत होता. पहिली टोपली भरली. दुसरी भरली. अजून दोन वाफे उरले होते. मी घरात जाऊन धुण्याची बादली आणली.

संध्याकाळी सहाही दारे उघडी होती. कॉलनीत गाय कुठे मिळणार. एका घरी पाटावर मातीची गाय-वासरे मांडून पूजा झाली. मी शेंगा मोडून, ओव्याची फोडणी आणि शेंगदाण्याचा कूट घालून मोठ्या पातेल्यात भाजी केली होती. भाकऱ्या ज्यांच्या त्यांच्या. मागच्या पट्ट्यावर सतरंज्या टाकल्या आणि पहिल्यांदाच रांगेतल्या सगळ्या बाया वाफ्यांच्या कडेला एका पंगतीत बसल्या.

वहिनींनी पहिला घास घेतला. त्या सावकाश चावत होत्या. त्यांनी दुसरा घास घेतला, मग भाकरीने वाटीची कड पुसली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

“वाढा,” त्या म्हणाल्या. “बापाच्या रानातली खाल्ली, त्यानंतर आत्ता.”

मी वाढले. डोळे भरले होते म्हणून जरा जास्तच वाढले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, “आता रडून खारट नगा करू,” आणि साऱ्या पंगतीत हसण्याची लाट गेली.

दिवाळी सरली तशी कंत्राटदाराची माणसे फावडी-घमेली घेऊन कॉलनीत आली. आमच्या रांगेने नकार कळवला होता, पण त्यातला एक गडी चुकून आमच्याच मागच्या पट्ट्यात शिरला. मी ओट्याशी होते. हात पुसून बाहेर येईपर्यंत वहिनी दारातून उतरल्याही होत्या. त्यांनी आपल्या पायरीपुढे टाचेने एक चौकोन आखला, वाळवणाला पुरेल एवढा.

“एवढंच घाला, आन् तेबी ऑफिसात इचारून,” त्या म्हणाल्या. “हितनं म्होरं फावडं लावायचं न्हाई.”

गड्याने मान डोलावली आणि टेप घेऊन मागे सरकला. त्याची टाच शहाबादीच्या कडेवरून आत, मोकळ्या मातीत रुतली.

“आरं, बघून पाय ठिव,” वहिनी कडाडल्या. “आमचा वाफा हाय त्यो.”